निफाडच्या थंडीत बी-275 चालू केला तो दिवस

आमच्या वर्कशॉपला जुने ट्रॅक्टर रिस्टोअरला येतात, पण बी-275 आला की माझा जीव त्यात जास्त अडकतो. हा निफाड तालुक्यातला, आजोबांनी घेतलेला, कित्येक वर्षं गोठ्यामागं पडून होता. नातवाचं लग्न ठरलं आणि त्याला वरात ह्याच्यावरनंच काढायची होती. त्याची ऑर्डर म्हणजे मडगार्डला क्रोम, बॉनेटवर मोठं स्टिकर, एकदम नवा दिसला पाहिजे.

साइड पॅनल खरवडायला घेतलं तर वरचे दोन रंग निघून खाली मूळ लाल लागला आणि त्यावर अक्षरं, इंटरनॅशनल. नातू म्हणाला, "हा महिंद्राचा ना?" म्हणलं बस, सांगतो. हे मॉडेल मूळचं इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डचं, जॉवेट मोटारींचा बंद पडलेला कारखाना अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीनं 1954 ला घेतला, तिथं आधी बी-250 आणि मग 1958 ला हा बी-275 निघाला. इकडं 1963 ला महिंद्रा, हार्वेस्टर आणि व्होल्टास ह्यांनी मिळून कंपनी काढली, कारखाना आपल्या कांदिवलीला, आणि 1977 ला ती महिंद्रात विलीन झाली. म्हणजे कंपनी अमेरिकन, डिझाइन ब्रॅडफर्डचं, हात मुंबईच्या कामगारांचे. त्याचे इंची आटे बघितले की मला हे सगळं आठवतंच, मिलिमीटरचा पाना लावला की बोल्टाचे कोपरे गेलेच समजा.

इंजिन बांधून झालं होतं, क्रँकला ग्राइंडिंग, डिझेलचे पंप-नोझल टेस्ट करून घेतलेले, पण त्या दिवशी सकाळी अशी कडाक्याची थंडी की सेल्फ मारतोय, धूर येतोय आणि इंजिन काही पकडत नाही. पोरं म्हणायला लागली पंप परत उतरवू. मी नाही म्हणलं, कारण ह्या इंजिनात डिझेल थेट पिस्टनवर पडत नाही, हेडमधल्या छोट्या चेंबरमधे पडतं, ते चेंबर गार असलं की पेट घेत नाही, म्हणून तर हीटर प्लग दिलेत. आणि ते सिरीजमधे असतात, जुन्या दिवाळीच्या माळेसारखे, एक गेला की सगळी लाइन बंद. एकेका प्लगवर क्षणभर वायर टाकून बघितली, तिसऱ्यावर टाकल्याबरोबर बाकीचे तापायला लागले. तो काढला, कॉइल मधोमध तुटलेली.

आजोबा खुर्ची टाकून बसले होते, म्हणाले आम्ही तर हवेच्या पाइपाशी पेटता बोळा धरायचो. त्याची गरज पडली नाही. नवा प्लग लावला, डिझेलच्या लाइनमधली एअर काढली, अर्धा मिनिट हीटर दाबून धरला आणि सेल्फ मारला, चारी सिलिंडर एका दमात लागले! सगळं वर्कशॉप ओरडलं, आजोबा तर उठून थेट सीटवर चढले.

क्रोम नातवानंच कॅन्सल केलं. मूळ लाल रंग जुळवून मारतोय, अक्षरांवर मात्र हात फिरवणार नाही, आणि ब्लॉकवरचे ओतीव नंबर पुट्टीत बुजवू नका हे पोरांना बजावून ठेवलंय. 275 हा आकडा कंपनीनं 275 डीआयमधे अजून चालू ठेवलाय, पण त्याचा हा थोरला भाऊ गावोगाव किलोवर विकला जातोय. तुमच्याकडं असं अक्षरवालं पॅनल पडून असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी मला विचारा, मी येऊन घेऊन जाईन.