मुंबई–कोलकाता: पावसाळ्यात वाऱ्याचं चिन्ह उलटलं

मंडळी, मुंबई–कोलकाता उड्डाणाला किती वेळ लागेल हे काढायला केलेलं, हिवाळ्यात चपखल बसलेलं वाऱ्याचं कोष्टक पावसाळा लागताच पार कोसळलं.

आधी दोन विमानतळांमधलं अंतर. हॅवरसाइनने (गोल पृथ्वीवरचं अंतर काढायचं सूत्र) 1,665 किमी येतात, म्हणजे जवळपास 900 नॉटिकल मैल. पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी धरली तरी फरक अर्ध्या टक्क्याच्या आत. 450 नॉट (तासाला नॉटिकल मैल) टीएएस, म्हणजे हवेच्या तुलनेत विमानाचा वेग, आणि शांत हवा: दोन तास. धावपट्टीपर्यंतची टॅक्सी आणि मुंबईवरच्या घिरट्या ब्लॉक टाइमच्या (निघण्यापासून थांबेपर्यंतचा पूर्ण वेळ) रकान्यात वेगळ्या.

खरी डोकेदुखी वाऱ्याची. हिवाळ्यासाठी पश्चिमेचा 80 नॉट धरला होता: कोलकात्याकडे 1:42, परत 2:26. बेरीज 4:08 होते, चार तास नाही. उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं, त्यामुळे जाताना वाचवलेली मिनिटं येताना पुरत नाहीत. हा मार्ग नागपूरच्या थोडा दक्षिणेकडून जातो, म्हणून दोन्ही दिशांच्या विमानांचे रेडिओ संकेत माझ्या इथल्या अँटेनात छान येतात. आणि आता मुंबईकडे निघालेलीच जास्त वेगात दिसतायत! चढउतार गाळले, फक्त सपाट क्रूझ (एका उंचीवरचं उड्डाण) ठेवलं, तरी तेच.

उत्तर हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांच्या 1958 च्या कामात आहे: पावसाळ्यात द्वीपकल्पावर वाहणारा पूर्वेचा जेट, म्हणजे खूप उंचावरचा वेगवान वाऱ्याचा पट्टा. त्याचा गाभा विमानांच्या पातळीहून उंच आणि आपल्या दक्षिणेला असतो, तरी क्रूझच्या उंचीवर वारा पूर्वेचाच राहतो, हिवाळ्याहून मंद. वर्षभर एकच वारा चालणार नाही, हे नक्की.

मोजायचा कसा? मोड-एसमध्ये (विमान रडारला देतं ते रेडिओ उत्तर) टीएएस मिळतो, पण रडारने विचारलं तरच, म्हणून नोंदी तुटक. मग सुचलं: एकाच तासात समोरासमोर जाणारी दोन ए320 विमानं घ्यायची. ग्राउंड स्पीडच्या (जमिनीच्या तुलनेतला वेग) फरकाचं निम्मं म्हणजे मार्गावरचा वारा, बेरजेचं निम्मं म्हणजे टीएएस! पूर्वेकडे जाणारी विषम हजार फुटांच्या पातळीवर, पश्चिमेकडची सम. मध्ये हजार फुटांचा फरक, चालतं. पहिल्याच जोड्यांतून पूर्वेचा वारा स्वच्छ निघाला. फार आनंद झाला.

अँटेनाबद्दल: ऑनलाइन मागवलेली 'हाय गेन' काठी-अँटेना कपाटात गेली. 69 मिमी तांब्याची तार आणि एसओ-239 सॉकेट (अँटेनाच्या केबलचा जोड) तिच्याहून सरस. मोबाइल टॉवर जवळ असेल तर आधी 1090 मेगाहर्ट्झचा (विमानांच्या संकेतांची वारंवारता) फिल्टर घ्या, अॅम्प्लिफायर नंतर.

महिनावार कोष्टक करणार होतो, पण हे लिहिताना वाटतंय की महिना कशाला, दर तासाच्या जोड्यांवरूनच वेळ काढावी. रात्री जोड्या कमी पडतील, तिथे मागच्या तीन तासांची सरासरी. रायपूर किंवा संभाजीनगरला कुणाचा रिसीव्हर असेल तर नोंदी पाठवा. नागपूरचा वारा सगळ्या मार्गाला लावणं मला पटत नाही.