तुलूझ ते सेत: कालव्याकाठी सायकल, थोडं चालणं आणि दिवसाचं गणित

फ्रान्सच्या दक्षिणेत सायकलवर फिरायचं म्हटलं की कॅनाल द्यू मिदीचं नाव हमखास निघतं. तुलूझपासून भूमध्य समुद्राला खेटून असलेल्या ‘तो’ या खाऱ्या सरोवरापर्यंत २४० किलोमीटर. चढ नावापुरता, आणि पाणी शेजारी असल्यामुळे वाट चुकण्याची भीतीही कमी. नकाशा बघून लोक रोजचे ८० किलोमीटर धरतात आणि तीन दिवसांची सुट्टी टाकतात. इथेच फसतं. या कालव्यावर दिवस अंतरावर ठरत नाही. पायाखालची वाट कशी आहे आणि गावातलं दुकान किती वाजता बंद होतं, यावर ठरतो. रोजचे ४० ते ५० किलोमीटर धरा, सहा दिवस काढा. कालवा बघायचा असेल तर त्याहून घाई करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुलूझ ते पोर-लोरागे हा सुमारे ५० किलोमीटरचा पट्टा गुळगुळीत डांबरी आहे. पोर-लोरागे हा महामार्गाचाही थांबा आहे, त्यामुळे पाणी, शौचालय, खाणं सगळं मिळतं. तिथून थोड्याच अंतरावर नोरूझ. समुद्रसपाटीपासून १८९ मीटरवरचा हा कालव्याचा माथा. इथून एका बाजूचं पाणी अटलांटिककडे जातं, दुसऱ्या बाजूचं भूमध्य समुद्राकडे. पिएर-पॉल रिके यांनी १६६६ साली या कामाला हात घातला तेव्हा खरा प्रश्न खोदकामाचा नव्हता, माथ्यावर बारमाही पाणी आणायचं कुठून हा होता. माँताइन न्वार डोंगरातले ओढे अडवून, सँ-फेरेओलला धरण बांधून त्यांनी ते पाणी पाटानं नोरूझला आणलं. १६८१ साली कालवा खुला झाला. रिके त्याआधीच, १६८० मध्ये वारले होते.

नोरूझनंतर ओद जिल्हा लागतो आणि जिल्ह्याबरोबर वाटही बदलते. कुठे दाबलेली खडी, कुठे माती, तर कुठे गवतातून गेलेली फूटभर रुंद चाकोरी. मूळची ही नावा ओढणाऱ्या घोड्यांची वाट. काठावरच्या चिनार जातीच्या प्लॅटान झाडांची मुळं वर आलेली असतात आणि ती वाटेला आडवी जातात. कार्कासोननंतर, विशेषतः त्रेब ते ओंप्सच्या दरम्यान, ती सर्वात जास्त त्रास देतात. सकाळ-संध्याकाळ उन्हं तिरपी असली की सावलीच्या पट्ट्यात मूळ दिसतच नाही, थेट दणका बसतो.

त्यामुळे टायर ही पहिली निवड. ७०० × ४० मिलिमीटर हे किमान समजा, ४५ असेल तर उत्तम. सायकल, स्वार आणि सामान मिळून वजन १०० किलोच्या आसपास असेल तर ४० च्या टायरला मागे साधारण ३.२ बार (बार हे हवेच्या दाबाचं एकक) आणि पुढे २.६ बार हवा पुरते. डांबरी पट्ट्यावर थोडी जास्त चालेल, पण पोर-लोरागेला थांबून ती कमी करायला विसरू नका. फार कमी केलीत तर मुळावर आपटताना ट्यूब रिमच्या दोन कडांमध्ये चेपते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. अशी जोडभोकं दिसली की काटा शोधत बसू नये, हवा वाढवावी. एकच बारीक भोक असेल तर मात्र काटाच. काठावरची काटेरी झुडपं यंत्रानं छाटली की तुकडे वाटेवर पडून राहतात. टायरच्या आतून बोट फिरवून काटा काढल्याशिवाय नवी ट्यूब घालू नका, दहा मिनिटांत पुन्हा बसावं लागेल. युरोपात भाड्यानं मिळणाऱ्या सायकलींना बहुधा बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो. आपल्याकडून पंप नेणार असाल तर त्यावर तो बसतो का, हे घरीच तपासा.

पंक्चरपेक्षा जास्त प्रवास बिघडतो तो कॅरिअरच्या बोल्टमुळे. मुळांवरच्या सततच्या हादऱ्यांनी सर्वात आधी सैल होतो तो मागच्या चाकाच्या आसाजवळचा खालचा बोल्ट, कारण पिशव्यांचं सगळं वजन त्याच्यावर येतं. आधी पिशवीच्या आकड्याचा बारीक खटखट आवाज येतो, मग कॅरिअर बाजूला डोलायला लागतं, आणि लक्ष दिलं नाही तर बोल्ट वाटेत कुठेतरी पडून जातो. हे बोल्ट बहुतेक एम५ मापाचे असतात, त्यांना ४ मिलिमीटरची अ‍ॅलन की लागते. निघण्याआधी त्यांच्या आट्यांवर निळा थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावा आणि खडबडीत वाट लागल्यावर रोज सकाळी एकदा आवळा. जास्तीचे दोन बोल्ट आणि पाच-सहा केबल टाय जवळ हवेतच. जड सामान पिशवीच्या तळाशी आणि पुढच्या बाजूला ठेवलं तर मागच्या चाकाचे स्पोकही कमी तुटतात.

पाऊस झाला की लोरागे, म्हणजे तुलूझच्या आग्नेयेकडच्या भागातली चिकणमाती टायर आणि मडगार्डच्या मधे गच्च भरते आणि चाक फिरायचं थांबतं. अशा वेळी काठावर हट्ट धरण्यात अर्थ नाही. कालव्याला समांतर ‘डी’ क्रमांकाचे छोटे रस्ते आहेत, त्यावरून पुढच्या पुलापर्यंत जा आणि वाट वाळली की परत खाली उतरा.

दिशा तुलूझहून समुद्राकडेच ठेवावी. ओदमध्ये ‘सेर’ नावाचा कोरडा वारा पश्चिम-वायव्येकडून वाहतो, तो पाठीशी राहतो. उलट ‘ओतां’ हा वारा आग्नेयेकडून येतो आणि लोरागेत कधी कधी सलग काही दिवस जोर धरतो. तो सुटला असेल तर तुलूझ ते कास्तेलनोदारी हे ६५ किलोमीटर दोन दिवसांत वाटून घ्या. सावलीचं गणितही आता बदललं आहे. प्लॅटानच्या झाडांना लागलेला बुरशीचा रोग इथे २००६ मध्ये त्रेबजवळ आढळला. तो पाण्यातून, छाटणीच्या हत्यारांतून आणि मुळांना घासणाऱ्या नावांमधून पसरतो. रोगट झाडं तोडून जाळण्यावाचून इलाज नसल्यानं शतकाहून जुन्या रांगाच्या रांगा गेल्या. त्या उघड्या काठावरून जाताना जीव कळवळतो. नवी झाडं लावली आहेत, पण त्यांची सावली पडायला काळ लागेल. म्हणून जुलै-ऑगस्ट टाळा. मे, जून आणि सप्टेंबर चांगले.

पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या हव्यात. नळावर ‘ओ पोताब्ल’ लिहिलेलं असेल तर पाणी पिण्याजोगं, ‘ओ नाँ पोताब्ल’ असेल तर नाही. गावात नळ दिसला नाही तर दफनभूमीच्या फाटकाजवळ बघा, तिथे बहुधा असतो. पाटी मात्र तिथेही वाचायची.

खाण्याचं वेळापत्रक कडक असतं. गावातलं वाणसामानाचं दुकान साडेबाराच्या सुमारास बंद होतं ते तीन-साडेतीनपर्यंत उघडत नाही. उपाहारगृहात दुपारी दोनला पोहोचलात तर स्वयंपाकघर बंद झालेलं असतं. रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी तर बरंच काही बंद, बेकरीसुद्धा. म्हणून सकाळी निघतानाच पाव, चीज, टोमॅटो, फळं घेऊन ठेवायची आणि दुपारी लॉकच्या, म्हणजे पाण्याची पातळी बदलून नावा चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या दारांच्या हौदाच्या, काठी बाकावर बसून जेवायचं. आठवडी बाजार साधता आला तर फारच छान: कास्तेलनोदारीला सोमवारी, कार्कासोनला मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी. शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवावं की कास्तेलनोदारीचा प्रसिद्ध कासुले दिसायला राजम्यासारखा असला तरी त्यात बदकाचं आणि डुकराचं मांस असतं. सॅलडमध्येही डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात, त्यांना ‘लार्दाँ’ म्हणतात. ‘सां व्हियाँद, सां प्वासाँ, सां लार्दाँ’ (मांस नको, मासे नकोत, लार्दाँ नकोत) एवढं तीनदा म्हटलंत तरी कुणी रागावत नाही. आत जाताना आधी ‘बाँझूर’ म्हणायचं, मागणं नंतर.

मुक्कामासाठी कास्तेलनोदारी, त्रेब, ल सोमाय, बेझिए हे टप्पे सोयीचे. ‘आक्यई व्हेलो’ असा फलक असलेल्या जागा सायकलमार्गापासून पाच किलोमीटरच्या आत असतात आणि तिथे सायकल कुलपात ठेवायला जागा व दुरुस्तीची जुजबी हत्यारं मिळतात.

चालायचं असेल तर माझा कौल नोरूझला येणाऱ्या त्या पाटाला. पाँक्रूझेपासून नोरूझपर्यंत हा पाट सुमारे ३८ किलोमीटर आहे, दोन दिवसांचं निवांत चालणं. गाड्या नाहीत, उतार जाणवणारही नाही इतका, आणि पाणी बरोबर चालत असतं. जवळच्या रेव्हेल गावात शनिवारी जुन्या लाकडी मंडपाखाली बाजार भरतो, तो करून निघावं. स्पेनमधल्या सांतियागोला जाणाऱ्या यात्रेकरूंची जीआर ६५३ ही लांब पल्ल्याची पायवाटही या भागातून जाते. तिची खूण म्हणजे पांढरा पट्टा आणि त्याखाली लाल. फुली दिसली तर आपण चुकीच्या फाट्यावर आहोत.

सायकलवाल्यांनीही एका ठिकाणी सायकल कुलूप लावून पायउतार व्हावंच: कोलोंबिए गावाच्या अलीकडे, मालपाच्या बोगद्यापाशी. १६७९ साली टेकडीच्या पोटातून कालवा इथून नेला. बोगद्यावरून आँसेरूनच्या टेकडीवर पाऊण तासात चढता येतं. वरून मोंतादीचं तेराव्या शतकात आटवलेलं तळं दिसतं. मध्यातून निघालेल्या चरांनी शेतांचे त्रिकोणी तुकडे पडले आहेत, सायकलच्या चाकाचे स्पोक असावेत तसे. पुढे बेझिएच्या वेशीवर फोन्सेरानची लॉकची उतरंड आहे, २१ मीटरहून अधिक उतार. नाव खाली उतरताना बघायची असेल तर दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत पोहोचू नका. तेव्हा लॉक बंद असतात.

शेवटचा मार्सेयां-प्लाज ते सेत हा पट्टा समुद्र आणि सरोवर यांच्या मधल्या वाळूच्या चिंचोळ्या बांधावरून जातो. सायकलवाट पक्की आहे, पण सावली अजिबात नाही आणि वारा आडवा लागतो. सकाळी लवकर उरका. परतीला सेतहून बेझिए, नार्बोन, कार्कासोनमार्गे तुलूझकडे रेल्वे आहे. टीईआर या प्रादेशिक गाड्यांत सायकलीला सहसा वेगळं तिकीट लागत नाही, पण सायकली टांगायचे आकडे मोजकेच असतात, म्हणून शुक्रवार-रविवारची संध्याकाळ टाळा. लांब पल्ल्याच्या आंतरसिते गाडीत मात्र सायकलीची जागा आधी राखून ठेवावी लागते. गाडी फलाटावर यायच्या आत पिशव्या काढून हातात घ्या, सायकल आकड्याला पुढच्या चाकानं टांगा आणि तुमच्या आधी उतरणाऱ्याची सायकल मागे अडकत नाही ना, ते विचारून घ्या.