यादीतली दुसरी ओळ

एका ऑनलाइन दुकानाचं काम गेल्या आठवड्यात संपलं, पण डोक्यातून जात नाही. म्हणून लिहून काढतेय.

साइट नव्याने बांधल्यापासून त्यांची प्रॉडक्टची पानं गूगलमधून गळत चालली होती. जुनी एकेक करून नाहीशी होत होती, नवी आतच येत नव्हती. दुकानाच्या मॅडम रोज सकाळी सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनात, दहा-दहा पानांचे पत्ते टाकून इंडेक्सिंगची, म्हणजे पानं गूगलच्या शोधसूचीत घेण्याची, विनंती करत बसायच्या. त्यात कुणीतरी त्यांना 'चोवीस तासांत इंडेक्सिंगची हमी' विकली होती. अशी हमी खुद्द गूगलही देत नाही. ती विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

मी सर्व्हरच्या लॉगपासून, म्हणजे साइटवर कोण कधी काय मागून गेलं त्या नोंदींपासून, सुरुवात करते. गूगलबॉटचं, म्हणजे पानं वाचत फिरणाऱ्या गूगलच्या प्रोग्रॅमचं, नाव लावून कुणीही येतं, म्हणून आधी आयपीवरून, म्हणजे येणाऱ्या मशीनच्या आकडी पत्त्यावरून, उलटा डीएनएस बघायचा, म्हणजे त्या पत्त्याचं नोंदलेलं नाव. नाव गूगलबॉट डॉट कॉमवर संपलं आणि त्या नावावरून परत तोच आयपी मिळाला, तरच तो खरा. खोटे गाळल्यावर दिसलं की बॉट प्रॉडक्टच्या पानांकडे फारसा फिरकतच नव्हता, फिल्टरमध्ये घुटमळत होता. एका विभागात 8 रंग, 6 मापं, मांडणीचे 4 क्रम. झाले 192 पत्ते. त्यातही आधी रंग निवडून मग माप निवडलं तर एक पत्ता, आधी माप मग रंग तर दुसरा. माल तोच, पत्ते 384. एक ओळ अजून डोळ्यांसमोर आहे: पहाटे 3 वाजून 12 मिनिटांनी बॉटने 'निळा, सर्वात मोठं माप, स्वस्त आधी' हे पान मागितलं. त्या पानावर एकही वस्तू नव्हती, तरी सर्व्हरने 200 दिला, म्हणजे 'सगळं ठीक, पान घे'.

साइटमॅपमध्ये, म्हणजे गूगलला द्यायच्या पानांच्या यादीत, फाइलमागे 50,000 पत्त्यांची मर्यादा पाळलेली होती. पण फाइल रोज रात्री नव्याने बनायची आणि प्रत्येक पानापुढे 'शेवटचा बदल' म्हणून त्याच दिवसाची तारीख पडायची. ही तारीख सातत्याने खरी निघाली तरच गूगल ती धरतो.

बैठकीत सूचना आली की फिल्टरच्या पानांवर नोइंडेक्स, म्हणजे 'हे पान इंडेक्समध्ये घेऊ नका' असा टॅग, लावू आणि बॉटने कुठे जायचं नाही ते सांगणाऱ्या रोबोट्स डॉट टीएक्सटी या फाइलमध्येही अडवू, दुहेरी बंदोबस्त होईल. यावर मी अर्धा तास भांडले. रोबोट्समध्ये अडवलं की बॉट पान उघडतच नाही, मग आतला नोइंडेक्स वाचणार कधी? शेवटी नुसतं अडवायचं ठरलं. तारखाही खऱ्या केल्या. सहा दिवसांत बॉट प्रॉडक्टच्या पानांवर यायला लागला आणि मी निर्धास्त झाले.

पानं मात्र इंडेक्समध्ये येईनात. उलट सर्च कन्सोलमधली 'नोइंडेक्स टॅगमुळे वगळलेली' ही यादी फुगत गेली.

ही यादी मी पहिल्याच दिवशी बघितली होती. डेव्हलपर म्हणाला होता, "ताई, ती संपलेल्या मालाची पानं आहेत, मुद्दाम वगळलीत." मी पहिल्या ओळीतलं पान उघडलं. त्यावर 'माल संपला' लिहिलेलं होतं. यादी उतरवून ठेवली आणि पुढच्या कामाला लागले.

आता माल शिल्लक असलेलं एक पान घेतलं. ब्राउझरच्या इन्स्पेक्टमध्ये, म्हणजे पान पूर्ण उघडल्यावरचा कोड दिसतो तिथे, नोइंडेक्स कुठेच नव्हता. मग सोर्स उघडला, म्हणजे सर्व्हर सुरुवातीला जे कच्चं एचटीएमएल पाठवतो ते. नवव्या ओळीत नोइंडेक्स. दुसरं पान उघडलं, तिसरं उघडलं, सगळीकडे नववी ओळ तीच. टेम्प्लेटच, म्हणजे सगळ्या पानांचा साचाच, असं लिहिलं होतं की प्रत्येक पान नोइंडेक्स घेऊन निघायचं, मग ब्राउझरमध्ये चालणारा कोड, म्हणजे जावास्क्रिप्ट, साठा तपासायचं आणि माल असला तर टॅग काढून टाकायचं.

"पण निघतोय ना टॅग," डेव्हलपर म्हणाला. ब्राउझरमध्ये निघतो. गूगलला कच्च्या पानातच नोइंडेक्स दिसला, तर तो जावास्क्रिप्ट न चालवताच मागे फिरू शकतो, आणि हे त्यांनी आपल्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहून ठेवलंय. पोरगा हुशार आहे, त्याचा बाकीचा कोड बघून मला समाधान वाटलं. संपलेला माल लपवा, एवढंच त्याला कुणीतरी तोंडी सांगितलं होतं. मुळात ही सूचनाच चुकीची. माल परत येणार असेल तर पान राहू द्यावं, त्यावर 'सध्या उपलब्ध नाही' लिहावं, स्ट्रक्चर्ड डेटातही, म्हणजे शोधयंत्रांसाठी पानात ठेवलेल्या माहितीतही, तेच सांगावं.

ती ओळ काढली आणि पानं परत यायला लागली. सगळी नाही. उत्पादकाचा मजकूर जसाच्या तसा चिकटवलेली बरीच पानं 'क्रॉल झालं, सध्या इंडेक्स नाही' मध्ये, म्हणजे बॉटने वाचली पण आत घेतली नाहीत अशा यादीत, पडून आहेत. त्यांच्याकडे एक मुलगी प्रत्येक वस्तू हातात घेऊन, मापून, स्वतःच्या शब्दांत लिहिते. तिची पानं सगळ्यात आधी आत गेली. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी मुद्दाम फोन करून सांगितलं.

काल ती उतरवलेली यादी पुन्हा उघडली आणि मॅडमकडून त्या तारखेचा साठा मागवून घेतला. दुसऱ्या ओळीतली वस्तू त्या दिवशी शिल्लक होती. तिसरीतलीही. फिल्टरचं काम कधीतरी करावंच लागलं असतं, पण आधी हे नोइंडेक्सचं व्हायला हवं होतं, आणि ते पहिल्याच दुपारी झालं असतं. मॅडमना मी तसं कळवलंय.