आमची वाटचाल : लाकडी बॉबची गोष्ट

आमचं काम फिजिक्स लॅबची उपकरणं बनवायचं. बार पेंडुलम (भोकं पाडलेली, टांगून झुलवायची पट्टी), टॉर्शन पेंडुलम (तारेला टांगलेली डिस्क), फ्लायव्हील, बायफिलर (दोन दोऱ्यांवर टांगलेला) आणि कॅटर (उलटसुलट झुलवून जी, म्हणजे गुरुत्वत्वरण, काढायचा लोलक), म्हणजे जे जे झुलतं, पिळतं, फिरतं आणि ज्याचा एमआय (मोमेंट ऑफ इनर्शिया, फिरवायला किती जड जातं त्याचं माप) काढायला मुलं घाम गाळतात ते सगळं. सुरुवात केली तेव्हा एक सेकंडहँड लेथ, मी आणि माझा पार्टनर. तो टर्नर, मी जुळवणार आणि विकणार.

नाइफ एज, म्हणजे ज्या धारेवर टेकून पेंडुलम झुलतो ती, पार्टनर स्वतःच करायचा, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही त्यानं. हार्डन केलेला तुकडा ऑइलस्टोनवर घासायचा, धारेवर स्ट्रेट एज टेकवून खिडकीकडे धरायचा, मधून उजेडाची रेघ दिसली की पुन्हा घासायचा. एका जोडीत अर्धा दिवस जायचा. मी कधी घाई केली की म्हणायचा, "अरे, धार गोल राहिली तर पट्टी झुलणार नाही, लोळेल." आणि खरंच आहे, लोळायला लागली की तुम्ही मोजलेलं अंतर आणि पेंडुलमला जाणवणारं अंतर वेगळं होतं.

पहिली काही वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. मग ती ऑर्डर आली, २४ कॅटर. तोवरची सगळ्यात मोठी.

आता कॅटर करणाऱ्याला माहीत आहे की पट्टीवर दोन बॉब (सरकवता येणारी वजनं) असतात, आकार अगदी सारखा, एक पितळेचा आणि एक लाकडाचा. लाकूड हे पैसे वाचवायला नसतं हो. जड बॉबमुळे सीजी (गुरुत्वमध्य) एका बाजूला सरकतो, दोन्ही धारांपासूनची अंतरं वेगळी होतात, आणि मग दोन्हीकडचे पिरियड (एका झोक्याचा वेळ) जुळले की त्या दोन अंतरांचा गुणाकार बरोबर के स्क्वेअर येतो (के म्हणजे वजन सीजीपासून किती पसरलंय त्याचं माप, एमआय त्यावरूनच निघतो), म्हणून धारांमधलं अंतर हीच लोलकाची लांबी धरता येते. पट्टीचा एमआय वेगळा काढायची गरजच उरत नाही, कॅटरनं १८१७ साली साधलं ते हेच. आणि बाहेरून आकार सारखा ठेवायची युक्ती बेसेलची, म्हणजे पट्टी उलटी केली तरी हवेचा परिणाम तोच राहतो.

तर आमचे २४ सेट गेले आणि सगळेच्या सगळे परत आले, प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली, "एक बॉब लाकडी, निकृष्ट". ऑर्डर मिळाली दुसऱ्या एका सप्लायरला, ज्याचे दोन्ही बॉब पितळेचे, चकचकीत, हातात घेतले की वजनदार. तो इतर कॉलेजांतही सांगत फिरला की आम्ही लाकूड लावून फसवतो. मटेरियलचे पैसे अडकलेले, उधारीवाले दारात, दुसरा लेथ घेतला होता तो विकला. मी पार्टनरला म्हटलं, आपणही दोन्ही पितळेचे करू. तो म्हणाला, "कर, पण मग त्याला कॅटर म्हणू नकोस." दोन दिवस आम्ही बोललो नाही.

आम्हाला वाचवलं ते एका कॉलेजच्या लॅबमधल्या मॅडमनी. त्या पहिल्या वर्षापासूनच्या गिऱ्हाईक. त्यांनी ते परत पाठवणाऱ्यांपैकी दोघांना आपल्या लॅबमध्ये बोलावलं, मला म्हणाल्या, "एक सेट आणा आणि एक नुसती पट्टी आणा, बॉब नकोत." एक मीटरची पट्टी, मधोमध सीजी, धारा मधल्या खुणेपासून ४० सेंटीमीटरवर, दोन्हीकडे. ५० ऑसिलेशनला ७८ सेकंद. उलटी केली, पुन्हा ७८. त्या म्हणाल्या, पिरियड जुळले, आता ८० सेंटीमीटर घालून जी काढा. यायला हवा ९.८, आला जवळपास १३. दोघेही गप्प. सगळं सिमेट्रिकल असलं की पिरियड कुठेही जुळतात, त्याला काही अर्थच नसतो, कारण तिथे खरी लांबी ४० अधिक के स्क्वेअर भागिले ४०, म्हणजे साधारण ६१ सेंटीमीटरच असते. दोन सारखे पितळी बॉब सारख्याच अंतरावर लावले की हेच होणार, आणि मुलं तसेच लावतात, कारण तसं छान दिसतं. मग आमचा सेट लावला, बॉब सरकवत पिरियड जुळवले, जी आला ९.८ च्या अगदी जवळ.

ऑर्डर तरी त्यांनी बदलली नाही, सॉरी कुणी म्हटलं नाही. पण मॅडमनी ओळखीतल्या कॉलेजांना सांगितलं आणि ते सेट एकेक करून गेले. पुढची वर्षं नीट चालली.

लॅब चालवणाऱ्यांनो, एक सांगतो. टॉर्शन पेंडुलमचा रिझल्ट चुकला की डिस्कला दोष देऊ नका, आधी तार बघा. त्रिज्येचा चौथा घात असतो तिथे, व्यासात एक टक्का चुकलात तर रिजिडिटीत (तारेच्या ताठरपणाच्या मापात) चार टक्के चुकलात. स्क्रू गेजनं तार पाच-सहा जागी मोजा, प्रत्येक जागी दोन आडव्या-उभ्या दिशांनी, आणि पीळ बसलेली तार पुन्हा वापरू नका. बार पेंडुलमला सीजीजवळच्या भोकांची रीडिंग गाळू नका, मीटरच्या पट्टीला पिरियड २९ सेंटीमीटरच्या आसपास सगळ्यात कमी होतो आणि त्याच्या आत पुन्हा वाढतो, ग्राफचा तो वळसा मुलांनी बघितलाच पाहिजे.

पार्टनरची नजर आता अधू झाली आहे, धारा त्याचा मुलगा करतो, तसाच खिडकीपाशी उभा राहून. त्या २४ पैकी एक सेट मी विकला नाही. लेथच्या वर टांगलाय, चिठ्ठीसकट.