मागून बसलेली एसयूव्ही: आधी मोजमाप, मग स्प्रिंग

जुनी एसयूव्ही ट्रेलर ओढण्यासाठी वापरणाऱ्यांना ही तक्रार चांगलीच परिचयाची असते: ट्रेलर जोडला की गाडी मागून बसते, पुढचा भाग वर उचलला जातो, स्टिअरिंग हलके लागू लागते आणि रात्री समोरून येणारे चालक डोळ्यांवर उजेड येतो म्हणून दिवे मिचकावतात. त्यावर बहुतेकांना पहिला उपाय सुचतो तो म्हणजे मागचा भाग काहीही करून वर आणणे. माझ्या स्वतःच्या जुन्या गाडीच्या मागच्या सस्पेन्शनचे काम हाती घेतले, तेव्हापासून माझे एक मत पक्के झाले आहे: या घाईत दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. मागच्या भागाची उंची ही एक गोष्ट आणि मागच्या एक्सलवर आलेला भार ही दुसरी. उंची परत मिळाली म्हणून भार कमी होत नाही, आणि गाडीचे वळणे, थांबणे व रस्ता धरून राहणे हे मुख्यतः भार कोणत्या चाकांवर किती आहे यावरच ठरते.

हिच, म्हणजे ट्रेलर अडकवायची गाडीमागची जोडणी, मागच्या एक्सलच्या बरीच मागे असते, त्यामुळे तिथे ठेवलेले वजन मागच्या चाकांवर जसेच्या तसे येत नाही, तर वाढून येते. समजा पुढच्या आणि मागच्या एक्सलमधले अंतर 2.7 मीटर आहे, टो बॉल (हिचवरचा ट्रेलर टेकतो तो गोळा) मागच्या एक्सलच्या 1.2 मीटर मागे आहे आणि ट्रेलरचे 150 किलो वजन हिचवर पडते आहे. तरफेच्या साध्या हिशेबाने मागच्या एक्सलवर सुमारे 217 किलो भार वाढतो आणि पुढच्या एक्सलवरचा सुमारे 67 किलो भार कमी होतो. मागच्या दोन्ही स्प्रिंगांचा ताठरपणा मिळून प्रत्येक मिलिमीटरला 80 न्यूटन धरला, तर या वाढीव भाराने अगदी नवी, निर्दोष स्प्रिंगसुद्धा सुमारे 27 मिलिमीटर दबेल. हे दबणे म्हणजे बिघाड नव्हे, स्प्रिंगचे ते कामच आहे. बिघाड वेगळा असतो. तो ट्रेलर सोडवल्यावर, रिकामी गाडी सपाट जमिनीवर उभी असताना दिसतो. त्या अवस्थेतच मागची उंची मूळ उंचीपेक्षा 30 मिलिमीटर कमी असेल, तर ट्रेलर जोडल्यावर या दोन्हींची बेरीज होऊन एक्सल बंप स्टॉपच्या, म्हणजे त्याची वर जाण्याची हालचाल थांबवणाऱ्या ठोकळ्याच्या, रबरावर टेकण्याच्या बेतात येतो.

म्हणून पैसे खर्च करण्यापूर्वी टेप हातात घ्यावी. उंची जमिनीपासून न मोजता चाकाच्या मध्यबिंदूपासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजावी, म्हणजे टायरमधली हवा किंवा टायरची झीज मापात येत नाही. जमीन सपाट असावी, गाडीत नेहमीचेच सामान असावे आणि मोजण्यापूर्वी गाडी थोडी पुढे-मागे चालवून घ्यावी, कारण जॅकवरून नुकत्याच उतरवलेल्या गाडीचे बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांतली रबरी नळकांडी) आणि टायर अडकलेल्या स्थितीत राहतात व माप चुकते. चारही चाकांची मापे आधी रिकाम्या गाडीची आणि मग ट्रेलर जोडून घ्यावीत. पुढची मापे अनेक जण वगळतात, पण माझ्या मते खरी माहिती तीच देतात, कारण पुढचा भाग किती उचलला गेला यावरून पुढच्या चाकांवरचा किती भार हिचने हिरावला याचा अंदाज येतो. डावी आणि उजवी बाजू यांत ठळक फरक असेल, तर तुटलेली स्प्रिंग, तुटलेला पाटा (पट्ट्यांच्या स्प्रिंगमधली पोलादी पट्टी) किंवा गंजून खचलेली स्प्रिंगची बैठक शोधावी.

कॉइल स्प्रिंग जुनी झाली की ‘मऊ’ पडते असे सर्रास म्हटले जाते, पण ते तितकेसे खरे नाही. स्प्रिंगचा ताठरपणा पोलादाच्या गुणधर्मावर, तारेच्या जाडीवर, वेटोळ्याच्या व्यासावर आणि वेटोळ्यांच्या संख्येवर ठरतो, आणि यांतले काहीही वापराने फारसे बदलत नाही. वर्षानुवर्षे ताणाखाली राहिल्याने पोलाद किंचित कायमचे वाकते आणि स्प्रिंगची मोकळी लांबी कमी होते; ताठरपणा जवळपास तोच राहतो, पण ती खालच्या उंचीवरून काम करू लागते. गंजाची गोष्ट मात्र निराळी आहे. ताठरपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असल्याने 14 मिलिमीटरची तार गंजून 13.7 वर आली, तरी तो सुमारे 8 टक्क्यांनी घटतो, आणि गंजाच्या खड्ड्यांपासून तडा सुरू होण्याचा धोका राहतोच. पाट्यांच्या बाबतीत कमान सपाट होते, पाट्यांमध्ये गंज साचतो, एखादा पाटा मध्यभागी किंवा टोकाला तुटतो आणि शॅकलचे (पाट्याचे टोक चासीला जोडणाऱ्या झुलत्या कडीचे) बुश झिजून तिचा कोन बदलतो. पाट्यांचा संच धुऊन, ब्रशने घासून, उजेडात नीट पाहिल्याशिवाय तडा दिसत नाही.

इथे शॉक अॅब्सॉर्बरविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे, कारण गाडी बसली म्हणून शॉक बदलून घेणारे पुष्कळ आहेत. साधा शॉक वजन पेलत नाही. तो हालचालीचा वेग आवरतो, आणि गॅसच्या दाबाने मिळणारी उचल अगदी थोडी असते. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. काही एसयूव्हींना कारखान्यातूनच निवोमॅटसारखे स्वतः उंची राखणारे शॉक बसवलेले असतात. ते दिसायला साध्या शॉकसारखेच असतात, पण गाडी चालू लागली की चाकांच्या हालचालीनेच आतला पंप दाब वाढवतो आणि ते भाराचा काही वाटा स्वतः उचलतात. अशा गाडीच्या स्प्रिंगा मुळातच हलक्या ठेवलेल्या असतात. त्यामुळे तिथे कोणी साधे शॉक बसवले, तर स्प्रिंगा चांगल्या असूनही गाडी मागून बसते आणि दोष विनाकारण स्प्रिंगांवर जातो. जुनी गाडी विकत घेतली असेल, तर मागे कोणते शॉक मुळात होते हे चासी क्रमांकावरून आधी शोधून घ्यावे.

रिकाम्या गाडीची उंची कमी भरली, तर पहिला उपाय नव्या स्प्रिंगा हाच आहे, आणि त्या नेहमी जोडीनेच बदलाव्यात. खरा प्रश्न त्या किती ताठर घ्याव्यात हा असतो. तार 14 ऐवजी 15 मिलिमीटरची झाली, की बाकी सगळे तसेच ठेवून ताठरपणा सुमारे 32 टक्क्यांनी वाढतो, म्हणजे दिसायला लहान वाटणारा फरक चालवताना मोठा ठरतो. जी गाडी बहुतेक वेळा भरलेली असते किंवा ट्रेलर ओढत असते, तिला ताठर स्प्रिंग शोभते. जी गाडी अधूनमधूनच ट्रेलर ओढते, तिच्या रिकाम्या मागच्या भागाला फार ताठर स्प्रिंग बसवली, तर खडबडीत रस्त्यावर मागची चाके उसळून पकड सोडतात, ओल्या वळणावर तर विशेषच. अशा गाडीसाठी मूळ ताठरपणाच्या नव्या स्प्रिंगा आणि त्यांच्या जोडीला हवेची पिशवी ही जोडी मला सर्वांत समंजस वाटते.

कॉइलच्या आत बसणाऱ्या या पिशव्यांना सहसा 5 ते 35 पीएसआय एवढा दाब चालतो. ट्रेलर नसतानाही किमान दाब ठेवावाच लागतो, नाहीतर पिशवी वेटोळ्यांत चिमटून फाटते. दोन्ही पिशव्या एकाच नळीने जोडल्या, तर वळणावर बाहेरच्या बाजूची हवा आतल्या बाजूला ढकलली जाते आणि गाडी अधिक कलते, म्हणून दोन स्वतंत्र नळ्या टाकाव्यात. पाट्यांच्या गाडीत चासी आणि एक्सल यांच्यामध्ये बसणाऱ्या मोठ्या पिशव्यांबाबत मी अधिक सावध आहे: पाटा आपला भार चासीवर दोन टोकांना वाटून देतो, तर पिशवी तो एका ठिकाणी देते, आणि जुन्या, गंज धरलेल्या चासीला हे सोसेलच असे नाही. वेटोळ्यांमध्ये अडकवायचे रबरी किंवा धातूचे तुकडे मी कोणालाही सुचवणार नाही. ते काही वेटोळी निकामी करतात आणि उरलेल्यांवर सगळा ताण टाकतात. हवा भरायचे शॉकही मला पटत नाहीत. त्यांनी उचललेला भार शॉकच्या बिजागरीवर येतो, आणि ती बिजागरी गाडीचे वजन पेलण्यासाठी बनवलेली नसते.

आता भाराकडे वळू. पिशवीत हवा भरली, मागचा भाग समतल झाला, पण वरच्या उदाहरणातले मागच्या एक्सलवरचे 217 किलो तिथेच आहेत आणि पुढच्या चाकांचे 67 किलोही परतलेले नाहीत. ते परत आणण्याचे काम वजन विभागणारी हिच करते: तिच्या स्प्रिंगसारख्या दांड्या ताणल्या, की गाडी आणि ट्रेलर यांच्या सांध्यावर पीळ पडतो आणि मागच्या एक्सलवरचा काही भार पुढच्या एक्सलवर व काही ट्रेलरच्या चाकांवर जातो. गाडीच्या पुस्तिकेत अशा हिचला परवानगी आहे का हे पाहावे, कारण काही गाड्यांना ती मनाई आहे. ती वापरताना पुढच्या मडगार्डची उंची ट्रेलर नसतानाच्या मापाकडे किती परतली हे पाहून दांड्यांचा ताण ठरवावा. मागचा भाग किती वर आला हे पाहून ठरवू नये. बसलेल्या स्प्रिंगांवर ही हिच लावून वेळ मारून नेणेही योग्य नाही.

एक मोह मात्र निश्चित टाळावा, तो म्हणजे गाडी कमी बसावी म्हणून ट्रेलरमधले सामान मागे सरकवण्याचा. त्याने हिचवरचे वजन घटते आणि गाडी वर येते खरी, पण वेगात ट्रेलर डावीकडे-उजवीकडे डोलू लागण्याची शक्यता झपाट्याने वाढते, आणि ते डोलणे एकदा वाढले की आवरणे फार कठीण असते. अमेरिकेत साध्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के वजन हिचवर असावे असे मानतात; युरोपातल्या कॅराव्हॅनसाठी हे प्रमाण कमी असते आणि हिचची मर्यादाही लहान असते. आपल्या हिचवरचे वजन मोजण्यासाठी स्नानगृहातला साधा वजनकाटाही पुरतो. एक मजबूत फळी घ्यावी, तिचे एक टोक पक्क्या आधारावर आणि दुसरे काट्यावर ठेवावे, आणि ट्रेलरचे टोक आधारापासून एक भाग व काट्यापासून दोन भाग अंतरावर टेकवावे. काटा दाखवील त्याच्या तिप्पट वजन हिचवर आहे. मागच्या एक्सलची मर्यादा गाडीवरच्या माहितीच्या पट्टीवर छापलेली असते, आणि कोणतीही स्प्रिंग किंवा पिशवी ती वाढवत नाही.

बसवणीच्या कामात दोन-तीन गोष्टी विशेष जपाव्यात. गाडी चासीखाली स्टँडवरच उभी असावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. एक्सल खाली सोडताना ब्रेकच्या रबरी नळीवर ताण येऊ देऊ नये. पाट्यांचे यू-बोल्ट एकदा आवळले की ताणलेले असतात, म्हणून नवेच घ्यावेत आणि काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळावेत. रबरी बुशचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उतरवल्यावरच शेवटचे आवळावेत. एक्सल लोंबकळत असताना ते आवळले, तर रबर कायम पिळलेले राहते, लवकर फाटते आणि नव्या स्प्रिंगची उंचीही चुकीची दाखवते. एक्सलला चासीशी जोडणारा आडवा पॅनहार्ड दांडा असलेल्या गाडीत उंची वाढली की एक्सल थोडा एका बाजूला सरकतो. हे सरकणे डोळ्यांना जाणवण्याइतके झाले, तर लांबी बदलता येणारा दांडा बसवावा.

सर्वांत दुर्लक्षित राहतो तो ब्रेकचा झडपी भाग. अनेक जुन्या एसयूव्हींमध्ये मागच्या एक्सलपासून एक दांडी चासीवरच्या झडपेपर्यंत जाते, आणि गाडी मागून जितकी बसेल तितका जास्त दाब ही झडप मागच्या ब्रेकना देते. झडपेला वजन कळत नाही, तिला फक्त उंची कळते. ताठर स्प्रिंग किंवा पिशवीने मागचा भाग उचलला, की भरलेली गाडी तिला रिकामी वाटते आणि नेमकी गरज असताना मागचे ब्रेक कमी दाबाने लागतात. म्हणून स्प्रिंगांचे काम झाले की ही दांडी दुरुस्ती-पुस्तिकेत दिलेल्या पद्धतीने नव्याने जुळवून घ्यावी, त्यानंतर ट्रेलर जोडून हेडलाइटची दिशा तपासावी. नव्या स्प्रिंगा सुरुवातीच्या काही आठवड्यांत काही मिलिमीटर खाली बसतात, त्यामुळे चारही चाकांची मापे तेव्हा पुन्हा घ्यावीत आणि झडपेची जुळवणीही त्याच वेळी पुन्हा पाहावी.