न दुखणारा डोळा

कुष्ठरोग म्हटला की बधिर चट्टा आणि वाकडी झालेली बोटे आठवतात. डोळ्यांकडे लक्ष जाते ते बहुधा उशिरा. या रोगाच्या जिवाणूला शरीराचे थंड भाग मानवतात आणि डोळ्याचा पुढचा भाग त्यांपैकीच एक आहे. तरीही मला जिवाणूपेक्षा नसांना होणारी इजा अधिक भयंकर वाटते.

पापणी मिटवणारा स्नायू मेंदूतून निघणाऱ्या सातव्या मस्तिष्क नसेवर चालतो, तर बुबुळावर कण बसल्याची जाणीव पाचवी नस करून देते. सातवी नस दुबळी झाली की झोपेतही डोळ्याला फट राहते, आणि पाचवी बधिर झाली की कोरड्या पडलेल्या, ओरखडलेल्या बुबुळाची वेदनाच जाणवत नाही. एरवी डोळ्यात कुसळ गेले तरी माणूस कासावीस होतो. इथे मात्र जखम होते, चिघळते, फूल पडते, आणि डोळा लाल दिसण्यापलीकडे काही सूचना मिळतेच असे नाही. त्यातच बोटे बधिर असलेल्या माणसाची दृष्टी गेली, तर चाचपडण्याचा आधारही उरत नाही; ब्रेलचे ठिपके त्याच्या बोटांना कळणार कसे?

दुसरा धोका डोळ्याच्या आतील दाहाचा. तो तीव्र असला तर डोळा दुखतो, उजेड सहन होत नाही आणि रुग्ण स्वतःच डॉक्टरांकडे जातो. मंद दाह मात्र वर्षानुवर्षे निमूटपणे चालतो, बाहुली आकसत टाचणीच्या टोकाएवढी होते, आणि मग थोडासा मोतीबिंदूही दृष्टी झाकायला पुरतो.

कुष्ठरोगावरचा बहुविध औषधोपचार, म्हणजे अनेक औषधे एकत्र देण्याचा उपचार, 6 किंवा 12 महिन्यांत संपला, म्हणजे डोळ्यांची काळजी संपली असे नाही. डोळ्याजवळचा चट्टा लाल होऊन सुजला, तर ताबडतोब तपासून घ्यावे. पापणीचा दुबळेपणा 6 महिन्यांच्या आतला असेल तर प्रेडनिसोलोन या दाह कमी करणाऱ्या स्टेरॉइडने तो भरून येण्याची आशा असते. घरी तपासताना डोळे झोपेत मिटतात तसे हलकेच मिटायला सांगावे, कारण जोर लावून मिटल्यास सुरुवातीचा दुबळेपणा लपून जातो. रोज आरशात पाहणे, आठवणीने पापण्या लववणे, बाहेर चष्मा आणि रात्री डोळ्यांवर स्वच्छ कापड, एवढ्यानेही बरेच साधते. बधिर, राठ हातांनी डोळे चोळणे मात्र कटाक्षाने टाळावे.

फट मोठी असेल तर शस्त्रक्रिया करतात. त्यांपैकी एका पद्धतीत कानशिलावरच्या, घास चावण्याच्या स्नायूची पट्टी पापण्यांपर्यंत आणून जोडतात. त्यानंतर डोळा मिटायचा तर दात आवळावे लागतात, आणि रुग्णाला त्याचा सराव करावा लागतो; जेवताना मात्र प्रत्येक घासाबरोबर पापण्या आपोआप हलतात.