सॅन फ्रान्सिस्को २८ आर: वळण तोडलं आणि बसलं

बसलं! घरच्या फ्लाइट सिम्युलेटरवर सॅन फ्रान्सिस्कोचं जोडीने उतरणं काल पहाटे सहा पन्नासला एकदाचं बसलं. मी ए३२० घेऊन २८ आरच्या, म्हणजे दोन समांतर धावपट्ट्यांतल्या उजवीच्या, फायनलवर (तिच्या सरळ रेषेतला शेवटचा टप्पा), डावीकडच्या काचेत नाशिककर मित्राचं ७३७ विमान डाव्या २८ एलवर, मी त्याच्या किंचित मागे. सॅन मॅटेओ पुलापासून चाकं टेकेपर्यंत सेंटरलाइन सुटली नाही. सव्विसावा प्रयत्न होता. दारात दूधवाल्याची बेल वाजत होती आणि मी रिव्हर्स ओढून बसलो होतो. तिथे तेव्हा संध्याकाळचे सहा वीस, खाडीवर तिरपं ऊन. तो स्क्रीनशॉट मी डेस्कटॉपवर लावलाय.

मागच्या दोन नोंदी ज्यांनी वाचल्यात त्यांना दुखणं माहीत आहे. बोडेगा अरायव्हलने (आगमनाचा ठरलेला मार्ग) उत्तरेकडून यायचं, खाडीवर उजवा डाउनविंड (धावपट्टीला समांतर, उलट दिशेने), उजवा बेस (तिला काटकोनात), मग २८ आर. बेसवरून फायनलला वळताना मी दर वेळी रेषेच्या पलीकडे जायचो. पलीकडे म्हणजे थेट २८ एलच्या फायनलवर, नाशिककराच्या अंगावर. दोन धावपट्ट्यांच्या मध्यरेषांमध्ये अंतर फक्त ७५० फूट, म्हणजे जेमतेम २२९ मीटर. त्यात रेषा ओलांडून परत येण्याला जागाच नाही.

माझी सवय आपल्या पुण्याच्या लोहगावची. तिथे मी एकाच १०/२८ धावपट्टीवर शेकडो वेळा उतरलोय. फायनल थोडी ओलांडली तर हलकेच वळून परत यायचं, पलीकडे कुणी नसतं. आकडा तोच २८, पण लोहगावात खपणारी चूक सॅन फ्रान्सिस्कोत खपत नाही.

तीन आठवडे मी दोष भलतीकडे शोधत होतो. आधी वाटलं उजवा मॉनिटर लहान आहे म्हणून धावपट्टी उशिरा दिसते. मग फील्ड ऑफ व्ह्यू (स्क्रीनवर किती रुंद दिसतं ते) बदलून पाहिला, डोळ्याची जागा पुढेमागे केली, साइडस्टिकचा डेडझोन (दांडा हलवूनही काही होत नाही तो मधला भाग) कमी केला. एकदा बरं जमायचं, पुढच्या चार वेळा पुन्हा तेच. वारा बंद ठेवून उडालो की दहापैकी आठ वेळा नीट, आणि लाइव्ह हवामान लावलं की सगळं मुसळ केरात. घोडं कुठे पेंड खातंय ते तिथेच कळायला हवं होतं.

कळलं ते आमच्या सोसायटीतल्या निवृत्त कॅप्टनकाकांमुळे. रविवारी आले, चहाचा कप हातात, माझ्या मागे उभं राहून एक पूर्ण बेस पाहिला. रेषा ओलांडली तसं म्हणाले, "स्पीड किती होता?"

"एकशे ऐंशी."

"तो हवेतला. जमिनीवरचा?"

एनडीच्या (नकाशाच्या स्क्रीनच्या) कोपऱ्यात पाहिलं तर १९९.

"मग धावपट्टीकडे काय बघत बसतोस? आधी तो आकडा बघ. आणि नव्वद अंश एका घासात गिळू नकोस. साठ वळ, पंख सरळ कर, नीट बघ, मग उरलेले तीस."

ते गेल्यावर मी वही काढली. वळणाची त्रिज्या म्हणजे वेगाचा वर्ग भागिले (गुरुत्वत्वरण गुणिले बँकच्या, म्हणजे विमान कलण्याच्या, कोनाचा टॅन). बँक २५ अंश धरला तर १८० नॉटला त्रिज्या येते सुमारे १८७५ मीटर आणि २०० नॉटला २३१५. फरक ४४० मीटर! दोन धावपट्ट्यांमधल्या अंतराच्या जवळजवळ दुप्पट. फक्त वीस नॉटमुळे. वारा बंद असताना डोळ्याला बसलेल्या जागेवरून मी वळायला सुरुवात करत होतो, आणि वाऱ्यात तीच जागा मला २८ एलच्याही पलीकडे नेत होती.

खरी गंमत पुढे आहे. शेवटचं वळण फक्त तीस अंशांचं असेल तर आडवं सरकणं त्रिज्येच्या साधारण १३ टक्केच होतं. मग वीस नॉटची तीच चूक ४४० ऐवजी ६० मीटरच्या आत राहते. वेग चुकला तरी शेजाऱ्याच्या रेषेपासून आपण लांबच. समांतर धावपट्ट्यांना कंट्रोलर विमानं ३० अंशांच्या आतल्या कोनातूनच रेषेवर का आणतात, ते इतकी वर्षं मी नुसतं वाचलं होतं. वहीवर आकडे उतरले तेव्हा पहिल्यांदा आत उतरलं.

वाऱ्याचा आणखी एक गुंता सापडला, तोही सांगून ठेवतो. मेटारमधली (विमानतळाच्या हवामान अहवालातली) वाऱ्याची दिशा खऱ्या उत्तरेपासून मोजतात, धावपट्टीचा आकडा (तिच्या दिशेचे अंश भागिले दहा) मात्र चुंबकीय उत्तरेपासून. आपल्याकडे हा फरक अगदी किरकोळ, त्यामुळे सवय नसते. तिथे तो सुमारे १३ अंश आहे. मेटारमधला ३३० चा वारा धावपट्टीच्या हिशोबात ३१७ चा होतो. तो बेसवर मागून ढकलतो आणि पूर्ण वळणभर विमानाला २८ एलकडे रेटतो. आता उडण्याआधी मी हे कागदावर करून ठेवतो. बेसला लागायच्या आत फ्लॅप २ आणि १६० नॉट, आणि वळायची जागा दर वेळी ग्राउंडस्पीडवरून ठरवतो.

इतक्या जवळजवळ उतरवायचं कशाला, असं मागे एकाने विचारलं होतं. कारण तिथे ०१ च्या दोन्ही धावपट्ट्या २८ च्या जोडीला छेदून जातात. प्रत्यक्षात तिथे अनेक वर्षं अशी पद्धत होती: उतरणारी विमानं जोडीने आली की दोन जोड्यांच्या मध्ये फट मिळायची आणि त्या फटीत ०१ वरून उड्डाणं सुटायची. हे सगळं चालायचं ते वैमानिकाने शेजारचं विमान डोळ्यांनी पाहिलं आहे यावर. 'ट्रॅफिक इन साइट' म्हटलं आणि व्हिज्युअल सेपरेशनची सूचना मिळाली की अंतर राखायची जबाबदारी आपली. खाडीवर ढग खाली आले की हा मार्ग बंद व्हायचा आणि विमानांना उशीर सुरू व्हायचा.

डोळ्यांवर उतरायचं असलं तरी २८ आरचा लोकलायझर (धावपट्टीची मध्यरेषा दाखवणारा रेडिओ संकेत) मी आता रॅडनॅवमध्ये (विमानाच्या संगणकातलं रेडिओचं पान) हाताने भरतो, न चुकता. ७ जुलै २०१७ च्या रात्री एअर कॅनडा ७५९ तिथेच २८ आर समजून टॅक्सीवे सीच्या (विमानं जमिनीवर चालतात तो रस्ता) रेषेत आलं होतं. २८ एल बंद होती, तिचे दिवे मालवलेले, आणि टॅक्सीवेवर चार विमानं रांगेत उभी. ते ए३२० सुमारे ६० फुटांपर्यंत खाली येऊन मग वर गेलं. त्या अप्रोचला लोकलायझरची फ्रिक्वेन्सी हाताने भरायची होती आणि ती भरली गेली नव्हती. त्या चौकशीचा अहवाल मी दोनदा वाचलाय. या अप्रोचचा सराव करणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा असं मला मनापासून वाटतं.

हार्डवेअरचं थोडक्यात. थ्रॉटलचे पॉट (घासून झिजणारे फिरते रोधक) काढले, हॉल सेन्सर (चुंबकावरून जागा ओळखणारे) बसवले, थरथर संपली. पण ऑनलाइन मागवलेल्या पाकिटात ४९ई जातीच्या सेन्सरांऐवजी ३१४४ निघाले. ते नुसते चालू-बंद होणारे, थ्रॉटलला काही उपयोगाचे नाहीत, आणि विकणारा फोनच उचलत नव्हता. शेवटी पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या तपकीर गल्लीत गेलो. दुकानातल्या काकांनी ड्रॉवरमधून एकेक ४९ई काढला, ब्रेडबोर्डवर खोचून पाच व्होल्ट दिले, लोहचुंबक हळूहळू जवळ नेला आणि मीटरवर व्होल्टेज सरकताना दाखवलं. सहा घेतले, सहाही चालले. अशा वस्तू मी यापुढे गल्लीतूनच घेणार.

आता पुढचा बेत. उजवीकडे मोठा चौथा मॉनिटर घ्यायचा, असं इथे लिहिणार होतो. पण लिहिता लिहिता लक्षात आलं की उजव्या बेसला धावपट्टी उजवीकडे असते आणि मी बसतो डाव्या सीटवर. मग उजव्या सीटवरूनच का उडवू नये? उठलो, साइडस्टिकचा क्लॅम्प सोडून टेबलाच्या उजव्या कडेला लावला, थ्रॉटल डाव्या हाताला घेतला, डोळ्याची जागा फर्स्ट ऑफिसरची केली आणि दोन फेऱ्या मारून आलो.

बेस सुरेख दिसतो! धावपट्टी सतत नजरेत राहते, साठ अंश वळून पंख सरळ केल्यावर पापीचे (उतरण्याचा कोन दाखवणारे) दिवेसुद्धा मोजता येतात. पण फायनलला आल्यावर २८ एलचं विमान कॅप्टनच्या बाजूला जातं, काचेच्या खांबाआड, आणि दिसेनासं होतं. म्हणजे एका सीटवरून वळण दिसतं, दुसरीवरून शेजारी. या कामाला दोन माणसं लागतात.

तर मॉनिटर रद्द. उरलेल्या चार ४९ईंतून दुसरी साइडस्टिक बांधतो. बेस उजवी सीट उडवेल, शेजाऱ्यावर नजर डावी सीट ठेवेल, शेअर्ड कॉकपिटमध्ये (दोघांनी आपापल्या घरून एकच विमान चालवायचं). नाशिककर २८ एल सोडायला तयार नाही, त्यामुळे डावी सीट रिकामी आहे. शनिवारी पहाटे साडेसहा, व्हॅटसिम या ऑनलाइन सिम्युलेटर नेटवर्कवर. ए३२० ची ओळख असलेल्या कुणाला यायचं असेल तर शुक्रवारी रात्रीपर्यंत कळवा, म्हणजे त्याआधी बिनवाऱ्याची एक फेरी मारून घेऊ.